गुहेतलं लेकरू
पिंपरीला पहिलेवहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा कासारवाडीचा एक गडी आमच्या गुहेतल्या उत्खननात माती चाळायचा. बोलणं जेमतेम. दगडी हत्यार सापडलं की आधी कपाळाला लावायचा, मग "घ्या, सायब" म्हणत मला द्यायचा.

एके दिवशी हजारो वर्षांपूर्वीच्या तान्ह्या मुलाची हाडं निघाली. आम्ही हरखून फोटोच्या तयारीला लागलो. त्याने मात्र भाकरीच्या फडक्यातलं मीठ मुकाट्याने त्या खड्ड्यात टाकलं.

"अरे, सगळं नासवलंस!" मी ओरडलो.

"आमच्यात लेकरू पुरताना मीठ घालत्यात," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या पोरीच्या येळंला मीच इसरलो."

ते मीठ मी ब्रशने झाडून काढलं. घमेलं त्यानेच धरलं.