पांढरी, निळी आणि मायचं लिंबू

मेहकरला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. टपरीवर चहा सांगितला आणि कप हातात यायच्या आधीच रिसोडच्या रशीदचाचांना फोन लावला.

"दोन्ही गाड्या आहेत ना?"

"हायेत बाप्पा. पण वाशिमचा डाक्टर संध्याकाळी येऊन राह्यला. दोनातली एक तो नेनार. तुले कोनती पायजे ते मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) आधी सांग. मंग माया (माझ्या) हातात नाई."

चहा गरम होता, पण मला त्याची चवच लागली नाही. पुण्याहून निघाल्यापासून रात्रभर डोळा लागला नव्हता. कोणी म्हणेल, गाडीच तर घ्यायची आहे, त्यात झोप कसली उडते? सांगते.

माझी माय रिठदला असते. जून महिन्यात उंबरठ्याला पाय अडकून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ सुधाकर आणि वहिनी पेरणीला गेलेले, त्यामुळे अख्खी दुपार ती एकटी जमिनीवर पडून होती. अकोल्यात ऑपरेशन झालं. तिथून जीपनं घरी आणताना ती एकदाही ओरडली नाही, असं सुधाकर सांगत होता. पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती म्हणे. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले की पुण्याला चल, तिथे दिवसभर कोणी ना कोणी घरात असतं. ती ऐकेना. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "मायं आंग दुखवनार नाई अशी गाडी आन. मंग येतो." (आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो'च म्हणतात.)

म्हणजे मला आरामशीर गाडी घ्यायची होती. सरळ हिशोब. पण चाचांनी फोनवर फोटो पाठवले दोन गाड्यांचे. एक पांढरी, लांबलचक, मागच्या सीटवर माणूस झोपेल एवढी ऐसपैस. दुसरी निळी, बुटकी, जमिनीला पोट लावून बसलेली, मागे दोन धुराच्या नळ्या. खोटं कशाला बोलू, माझं मन निळीवर गेलं. जन्मभर मी मागे बसत आले. आधी बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर, मग जीपच्या फळीवर, मग नवऱ्याच्या मोटरसायकलवर. गाडी शिकले ती चाळिशी उलटल्यावर. आता एकदा तरी जोरात पळवायची गाडी आपली असावी, असं वाटलं तर बिघडलं काय?

रिसोडच्या जीपमध्ये शेजारी एक म्हातारी होती. मांडीवर कोंबडीची टोपली.

"कोनाची वं तू?"

"रिठदच्या मास्तरांची."

"अन् कुठं जाऊन राह्यली?"

"गाडी घ्यायला."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग जीपनं काहून जातं?" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर सोयाबीनचा हंगाम चालला होता. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या (रचलेले ढीग) ताडपत्रीखाली जागोजाग उभ्या होत्या. मधून तुरीचे हिरवे पट्टे, आणि उरलेली सगळी काळी, उघडी जमीन. ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. रिसोडच्या वेशीपासूनच पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली. त्यांच्यामधून वाट काढत मी चाचांच्या आवारात पोचले.

रशीदचाचांचं पूर्वी सायकलचं दुकान होतं. माझे बाबा शाळामास्तर. त्यांची सायकल चाचांनीच वीस वर्षं जिवंत ठेवली. बाबा गेले, सायकली गेल्या, चाचा जुन्या मोटारींकडे वळले. या दोन गाड्या रस्त्यांचे ठेके घेणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या. वाटण्या झाल्या आणि दोघांनी एकाच आठवड्यात त्या विकायला काढल्या.

"जय भीम, चाचा."

"जय भीम बेटी. पहिले दोन्हीवरून हात फिरव, मंग बोल."

मी निळीवरून हात फिरवला. पांढरीवरून फिरवायचा राहिला. चाचांनी ते पाहिलं. म्हणाले, "भाभीले घेऊन ये. ज्याले बसाचं त्याले दाखव."

मायला आणायला आम्ही पांढरी काढली. मी चालवायला, चाचा शेजारी. रिठदपर्यंतच्या रस्त्यावर खड्डे कमी नव्हते, पण ते या गाडीत कळतच नव्हते. गाडी नुसती हलकेच डुलायची. इतकी शांत गाडी मी कधी चालवली नव्हती, आणि मला कंटाळा आला. हे लिहिताना लाज वाटते, पण आला.

घरी वहिनीनं पातोडीची भाजी केली होती (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि सोबत ज्वारीची भाकर. माय वॉकर धरून दारापर्यंत आली. जूनपेक्षा निम्मी झाली होती. जेवताना मी काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की फोनवर मायला निळीचा फोटो दाखवला, आणि परत एकदा दाखवला. माय म्हणाली, "रंग चांगला हाये." मग भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

जेवणानंतर तिला पांढरीत मागे बसवलं. दार मोठं, सीट उंच. टेकली, पाय आत घेतला, झालं. कोणाचा हातही लागला नाही. माझ्या मनात आलं, संपलं आता. निळी डॉक्टरची.

सात-आठ किलोमीटर गेलो असू.

"मीना, थांबव."

मी कचकन ब्रेक दाबला. माय पदर तोंडाशी धरून बसली होती. "मळमळून राह्यलं मले. हे गाडी पाळन्यावानी डुलते."

चाचांचा चेहरा पडला. रस्त्यालगतच्या घरातून त्यांनी लिंबू मागून आणलं. मायनं ते हुंगलं आणि म्हणाली, "हे गाडी नको. पुन्यापर्यंत कशी बसू मी हिच्यात? ते दुसरी पाहू."

मी तिचा हात धरला, पाणी दिलं, चुकचुकले. आणि आतून, खरं सांगते, मला बरं वाटलं. आई मळमळते आहे आणि लेकीला बरं वाटतं आहे. मनात म्हटलं, मीनाबाई, शोभतं का हे? पण वाटलं त्याला काय करणार?

रिसोडला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चाचांनी घड्याळ दाखवलं. डॉक्टर वाशिमहून निघाला होता.

निळीत बसवताना मात्र मायला दोघांनी धरावं लागलं. सीट इतकी खाली की ती बसली नाही, पडलीच. ऑपरेशनचा पाय आत घेताना तिनं डोळे घट्ट मिटले.

"दुखलं का?"

"नाई. चाल."

ठरलं असं की मी मायला निळीतून घरी सोडायचं, म्हणजे तिचं बसणंही होईल आणि माझी परीक्षाही. चाचा पांढरी घेऊन मागून येणार. निर्णय रिठदच्या दारात, आणि तो चाचांनी डॉक्टरांना फोनवर कळवायचा.

काय सांगू त्या गाडीचं! पाय नुसता टेकवला की ती पुढे. वळणावर तसूभर कलत नव्हती. खड्डा मात्र थेट माकडहाडात लागायचा. प्रत्येक खड्ड्याला मी आरशात नाही, शेजारी मायकडे बघायची. तिचे दोन्ही हात सीटच्या कडेला घट्ट. "मळमळतं का?" "अजिबात नाई. हेच घे तू." मी तिच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

मोठ्या रस्त्यावर पोत्यांच्या ट्रकांची कोंडी झाली होती, म्हणून आम्ही आतल्या रस्त्यानं वळलो. दोनेक किलोमीटरवर रस्ताभर सोयाबीन पसरलेलं दिसलं. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. थोडं पीक असलं, मळणीयंत्र परवडत नसलं, की ते डांबरी रस्त्यावर पसरायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात. गाडीवाल्यानं वरून जाणं हा शेजारधर्म. बाजूनं काढली तर लोक म्हणतात, माजली.

दोन बाया हात करत होत्या. "या, या, वरून या."

"जाऊ दे वरून," माय म्हणाली. "हळू जा. तेवढंच त्यायचं मळून निघल."

मी गेले. हळू, अगदी मानानं. जीप गेली असती, ट्रॅक्टर गेला असता, पांढरीही गेली असती. पण निळीचं पोट जमिनीला. खालून खरखर आवाज यायला लागला, जणू कोणी केरसुणी घासतंय. पीक ढिगानं चाकांत आणि पोटाखाली गुंडाळलं जात होतं. मग वास आला. करपल्याचा. मला वाटलं शेतात काही जाळत असतील. मग समोरच्या काचेवर धुपट (धूर) आलं.

मी थांबले. सुकलेल्या सोयाबीनच्या बरोबर मधोमध थांबले. इंजिन तापलेलं, खाली वाळलेलं कुटार (भुसा), शेजारी माय. मागून चाचांचा हॉर्न आणि ओरडणं, "रुक मत! पुढं काढ, पुढं काढ!"

माझा पाय हलेना. एवढी वर्षं पुण्याच्या कारखान्यात मी लोकांना आगीच्या वेळी काय करायचं ते शिकवते.

"मीना," माय अगदी शांतपणे म्हणाली, "दाब."

मी दाबला. गाडी झेप घेऊन पिकातून बाहेर पडली आणि उघड्या डांबरावर मी ती उभी केली. धावत पलीकडे गेले, दार उघडलं. माय निघेना. सीट खाली, पाय ताठ, हाताला जोर नाही. मी काखेत हात घालून ओढत होते, ती माझ्या गळ्याला धरत होती, आणि पायांना खालून उष्ण झळ लागत होती. माझ्या तोंडातून "चल ना माय, चल ना" एवढंच निघत होतं. त्या दोन बाया धावत आल्या. एकीनं पाय उचलले, दुसरीनं कमरेला मिठी घातली, आणि तिघींनी मिळून तिला बाहेर काढलं.

चाचा त्या बायांच्याच विळ्यानं खालचं कुटार ओढून काढत होते. त्याला आता ज्योत लागली होती, बारीक, पिवळी. शेतातून एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पळत आला आणि गाडीखाली नळी घातली.

"औषध तर नाही ना त्यात?" मी विचारलं.

"पानी हाये ताई, धुतलेला पंप हाये," तो म्हणाला आणि फवारत राहिला.

पाच मिनिटांत सगळं विझलं. त्यांचं पीकही वाचलं. त्या बाया मलाच म्हणत होत्या, आमीच बलावलं वं तुले वरून. मी हात जोडले.

माय बाभळीखालच्या दगडावर बसली होती. सूर्य खाली आलेला. चाचा घाम पुसत म्हणाले, "भाभीले पांढरीत सोडतो घरी."

"नको चाचा, तिला त्यात मळमळतं. मी सुधाकरला बोलावते."

चाचांनी खिशातून मघाचं लिंबू काढून मायपुढे धरलं. मायनं घेतलं नाही. आपली आपण उठली, वॉकरशिवाय, चाचांच्या खांद्याला धरून पांढरीपर्यंत गेली आणि सीटवर टेकून पाय आत घेतला.

"लिंबू राहू दे," ती म्हणाली. "मले काईच होऊन नोतं राह्यलं."

मला कळेना. "म्हणजे?"

"या गाडीत. मळमळत नोतं मले."

"मंग म्हटलं काहून तसं?" माझी भाषाही तिच्यासारखी झाली.

"जेवता जेवता तू पांढरीचं एक बोलली नाई. निळीचंच चालू होतं. जन्मभर मागं बसली तू, कदी मागतलं नाई काई. म्हनलं, एवढी गाडी त मनासारखी घेऊ दे."

मला राग आला, आणि त्याच वेळी रडू आलं. भर रस्त्यात त्या बायांसमोर मी तिच्यावर ओरडले, "जळली असतीस ना माय त्यात!"

"जळली त नाई," ती म्हणाली. "बस आत. उन्हं गेले."

चाचा माझ्याकडे बघत होते. मी पांढरीचं दार धरलं आणि म्हटलं, "ही." त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना फोन लावला. निळीचं खालचं जळकं सगळं दाखवून, बदलून, मगच ती त्यांनी डॉक्टरांना दिली, असं नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला निघालो. माय मागे बसायला तयार होईना. "मागून कायले पाहू तुये केस," म्हणून पुढेच बसली. सिंदखेडराजा गेलं, जालना गेलं. एका गाडीच्या बदल्यात मी काय गमावणार होते, तेच मनात घोळत होतं. कोणाच्या तोंडाकडे बघायचं हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिला ते न शिकता येत होतं.

जालन्यापुढे रस्ता रुंद झाला. मायनं वेगाच्या काट्याकडे बोट केलं.

"मीना, हे त्या निळीपेक्षा कमी पयते काय वं?"

"नाही माय. हीही पळते."

"मंग दाखव नं."

मी दाखवलं. काचेखालच्या फळीवर ठेवलेलं चाचांचं लिंबू घरंगळत मागे आलं, आणि मायनं ते ओंजळीत झेललं.