जोसीचं मत

"शुक्रवार, १२ मे १९७८. ढगाळ, गोदीकडून वारा. कॅन्टीनमध्ये युनियनच्या सेक्रेटरीची निवडणूक. मतमोजणीला मी." माझ्या वहीतली ही त्या दिवसाची नोंद.

जोसी हॅनलन आमच्या बूटल गावातल्या सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मापासून अंध. मोठ्या साहेबांनाही फोनवर "बाळा" म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. युनियनची निवडणूक आली की तिच्या मतपत्रिकेवर शेजारी बसणारी एडिथ रिमर फुली मारून देई. त्या वर्षी एडिथ स्वतःच उभी राहिली, लेन फॅझकर्लीविरुद्ध.

"आता तिलाच कसं सांगू, तुला नको, लेनच्या नावापुढे फुली मार म्हणून?" जोसी मला म्हणाली. "आणि तिला द्यायचं असलं, तरी तिला कशाला कळायला हवं? एकदा तरी माझं मत माझ्यापाशी राहू दे."

कचेरीने मतदानाला कॅन्टीनचा कोपरा आणि जेवणाची सुट्टी दिली होती. सरकारी कागद-पुठ्ठ्याला मात्र हात लावायचा नाही. म्हणून टपाल विभागातल्या माझ्या नवऱ्याने, सिरिलने, घरी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला दोन खिडक्या पाडल्या. वरची लेनची, खालची एडिथची. पुठ्ठा मतपत्रिकेवर ठेवायचा आणि बोटाने खिडकी चाचपून फुली मारायची. कागद उलटा पडू नये म्हणून जोसीच्या मतपत्रिकेचा एक कोपरा त्याने कातरला आणि ती मोठ्या अभिमानाने मला दाखवली.

"अरे, पेटीतून ही एकच कानतुटकी निघाली, की कुणाची ते सगळ्यांना कळेल," मी म्हटलं.

बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मग दोन्ही उमेदवारांना विचारून मी स्वयंपाकीण ब्रायडीची बेकन कापायची कात्री आणली आणि आम्ही झाडून सगळ्या मतपत्रिकांचे कोपरे उडवले. एडिथ जरा फुरंगटली होती.

"इतकी वर्षं मीच करून दिलं की गं, जोसी."

"दिलंस ना. पण आज तू नवरी आहेस. नवरीने वाढायला उभं राहायचं नसतं."

जोसी पुठ्ठा घेऊन कोपऱ्यातल्या आडोशामागे गेली. बराच वेळ लागला. बाहेर येऊन तिने पेटीची फट बोटाने शोधली, कागद आत सोडला आणि पेटीवर तळहात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली.

मोजताना सगळे कागद सारखेच दिसत होते. एडिथ निवडून आली. जोसीने मत कुणाला दिलं, ते तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी सिरिल आणि मी तिला घरी घेऊन आलो. रात्री वहीत लिहिलं: "जोसी जेवायला. मासे, वाटाणे. पुडिंग तिने दोनदा घेतलं, उद्याला उरलं नाही."