हरणारा जपावा लागतो

पोकरवर पोट भरायचं म्हटलं की लोक नशिबाच्या गप्पा मारतात. नशीब गेलं खड्ड्यात! रोज हरूनही परत येणारा माणूस लागतो, आणि त्याला जपावं लागतं. माझ्याकडं असा एक होता, शहागंजातला कापडवाला शेठ. हातात काही नसलं तरी पत्ते टाकून द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. त्याची चूक मी कधी दाखवली नाही. उलट तो हरला की म्हणायचो, "शेठ, खेळलात झकास, पत्त्यांनीच दगा दिला." त्याच्या गुडघ्याची चौकशी करायचो, बिनसाखरेचा चहा मागवायचो. चिकलठाण्याच्या अड्ड्यावर कुणी त्याची टिंगल केली, तर मीच भांडायला उठायचो.

एका रविवारी त्यानं मला घरी जेवायला नेलं. तो हात धुवायला उठला तशी त्याची बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, ह्यांचं पत्त्यांचं लई वाढलंय. दुकान बसत चाललंय. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तेवढं सोडवा."

"सांगतो, वहिनी," मी म्हणालो. तिनं समाधानानं माझ्या पानात आणखी तूप वाढलं.

जेवण झालं. शेठचा गुडघा दुखत होता, म्हणून त्याला मी माझ्याच गाडीवर बसवून अड्ड्यावर नेलं.