सिस्टरांची बदली

बंगळुरात देवाला धाकात ठेवणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आली, आणि तीही देवाच्याच नोकरीत होती. जयनगरला आमच्या घराला लागून एक लहानसं कॉन्व्हेंट आहे. मधे खांद्याएवढी भिंत. तिथे राहणाऱ्या नन्समध्ये या सिस्टर वयाने सर्वांत थोरल्या आणि उंचीने सर्वांत धाकट्या. त्यामुळे भिंतीपलीकडून आधी पत्र्याची बादली पालथी घातल्याचा आवाज येई, मग डोक्यावरचं पांढरं वस्त्र दिसे, मग चष्मा, आणि चष्मा पुरता वर येण्याआधीच बोलणं सुरू होई. बोलणं अस्सल मराठीत. सिस्टर मूळच्या खानापूरकडच्या. तिकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःबद्दलही "मी येतो, मी सांगतो" असंच म्हणत. माझ्या पुणेरी आईला पहिल्या दिवशी हे ऐकून चहाचा ठसका लागला, तेव्हा "आरं, पाणी आण की आईला! काय बगत उभारलाईस?" असं मला दरडावणाऱ्याही त्याच होत्या. आमची ओळख ही अशी झाली.

हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे त्यांच्या धर्मात संत अंतोनी यांच्याकडचं खातं आहे. वस्तू वेळेत मिळाली नाही तर सिस्टर सरळ त्यांची तसबीर उलटी करून ठेवत. "काम होईपतोर तोंड भिंतीकडं. वर्गात पोरांना करतो तेच की," असा त्यांचा न्याय. एकदा आईची तुळशीची जपमाळ गेली. आईने दोन दिवस घर उलथंपालथं केलं, सुनेवर संशय घेऊन झाला, मग नाइलाजाने भिंतीशी जाऊन तक्रार नोंदवली. संध्याकाळी माळ तांदळाच्या डब्यात सापडली. आई धावत भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "तुमच्या अंतोनबुवांना आता सरळ करा हो, बिचारे केव्हाचे उभे आहेत!" त्यानंतर दर गणपतीत आमच्याकडून अंतोनबुवांच्या नावे पाच मोदक पलीकडे जाऊ लागले. ते सिस्टर बादलीवर उभ्या उभ्याच संपवत.

मी एकदा त्यांना विचारलं, देवमाणसांशी असं वागलेलं देवाला चालतं का? त्यांनी बोटातली साधी चांदीची अंगठी दाखवली. व्रत घेतलं तेव्हा देवाशीच लग्न लागलं, त्याची ही खूण. "भांडतोय की मी त्याच्याशी. रोज भांडतो. पण घर एकच हाय, जाणार कुठं?" हे मात्र त्या हसत म्हणाल्या नाहीत. पहाटे दूध आणायला निघालो की त्यांच्या छोट्या प्रार्थनाघराची खिडकी उघडी दिसे. आत सिस्टर एकट्याच, अगदी गप्प बसलेल्या असत. दिवसभर ज्यांचं तोंड मिटत नाही त्या माणसाला इतकं शांत बसलेलं पाहिलं की मी चपला न वाजवता पुढे जाई.

आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं. निवृत्ती त्यांना कागदावर मिळाली होती, डोक्यात शिरली नव्हती. आमच्या भागातला निम्मा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला. चौकातला ट्रॅफिक पोलीस त्यांना पाहिलं की वाहनं थांबवून रस्ता करून देई, आणि त्याबद्दल त्या रस्ता ओलांडेपर्यंत त्याला तेराचा पाढा म्हणावा लागे. दातांचा डॉक्टरही त्यांचाच विद्यार्थी. एकदा दाढ दुखायला लागली म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. तोंड उघडण्याआधी त्यांनी त्याला सतराचा पाढा म्हणायला लावला. बिचारा मधेच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि घाम पुसत त्याने दुखरी दाढ सोडून शेजारचीच ठोकून पाहायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "पोरगा हुशार हाय, पण घाबरतंय. कशाला घाबरतंय की!"

त्यांना काही देणं म्हणजे ते दुसऱ्याला देणं. माझ्या बायकोने दिलेली छत्री आठवड्याभरात कोपऱ्यावरच्या फुलवाल्या अक्काच्या डोक्यावर दिसली. स्वेटर रात्रपाळीच्या वॉचमनच्या अंगात. शाल दिली तेव्हा आम्ही बजावून सांगितलं की ही कुणाला द्यायची नाही. त्यांनी ती कुणा माणसाला दिली नाही, दुधाच्या बूथवरच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगावर पांघरली.

माणसांचंही तसंच. माणूस रिकामा दिसला की त्या त्याला कुठेतरी लावून देत. कॉन्व्हेंटच्या गॅरेजमध्ये त्या घरकाम करणाऱ्या बायकांसाठी दुपारी वर्ग भरवत. वाचणं, लिहिणं, हिशेब, थोडं इंग्रजी. कोविडच्या दिवसांपासून माझं ऑफिस घरातूनच चालतं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. "वर्क फ्रॉम होम म्हणजे घरीच बसलाईस की. शनिवारी ये." मी मीटिंग असते म्हणालो. "शनिवारी?" एवढंच विचारून त्या बादलीवरून उतरल्या. गेली काही वर्षं मी दर शनिवारी इंग्रजी शिकवतो. खडू जास्त दाबला की अजून मागून "स्वल्प हळू!" ऐकू येईल असं वाटतं.

पण त्यांनी सर्वांत मोठं काम काढलं ते माझ्या आईचं. वडील गेल्यावर मी तिला पुण्याहून इथे आणलं, आणि इथे ती मुकी झाली. मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे, सून बँकेत, नात शाळेत. शेजारी चांगले, पण त्यांची कन्नड हिला येईना आणि शिकायची नाही असा हट्ट. दुपारी ती गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत राही. एकदा तर देवघरातल्या बाळकृष्णाला सबंध पुण्याच्या बातम्या सांगताना मी तिला ऐकलं. त्या दुपारी पलीकडून बादली वाजली नसती तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. सिस्टर रोज चारला भिंतीशी येत आणि आई बोले. आमटीत गूळ किती, वडिलांचा स्वभाव, सुनेच्या चुका, सगळं. एरवी अखंड बडबडणाऱ्या सिस्टर तेवढा अर्धा तास फक्त "व्हय" आणि "मग?" म्हणत. आई पुन्हा गुणगुणायला लागली, भांडायला लागली, बरी झाली.

आणि मग एके दिवशी मेमध्ये, कढीलिंब मागता मागता सिस्टर म्हणाल्या, "बदली झाली की माझी. रायचूरकडं, मुलींच्या वसतिगृहात."

आई आत आली आणि भिंतीला टेकून बसली. वयाची पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला कसली बदली! पण ती हार मानणारी नव्हती. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बदली आपण साहेबांच्या बायकोला गाठून रद्द करून आणली, असा तिचा जुना दावा आहे. तोच मार्ग तिने इथे धरला. सिस्टरांना पत्ता लागू न देता शिष्टमंडळ ठरलं: आई, दातांचा डॉक्टर, फुलवाली अक्का आणि गाडी चालवायला मी. त्यांच्या संस्थेच्या मुख्य मदर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. आईने सोबत नारळ, तांदूळ आणि खण घेतला.

"अगं, मदरची ओटी कशी भरणार?" मी म्हणालो.

"का? सिस्टरबाईंनी अंगठी दाखवली ना? देवाशी लग्न झालंय म्हणाल्या. देव काही मरत नाही. म्हणजे या सगळ्या अखंड सौभाग्यवती. चल, गाडी काढ."

मदर सिस्टरांहून बऱ्याच लहान आणि फार गोड बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी ओटी ओंजळीत घेतली आणि कपाळाला लावली. मग आम्ही बाजू मांडली. आम्हाला वाटलं, बाई किती उपयोगाची आहे हे पटवलं की काम झालं. डॉक्टर म्हणाला, त्यांची प्रकृती त्यांच्या दातांसारखीच ठणठणीत आहे. अक्का "नम्म सिस्टर, नम्म सिस्टर" (आमच्या सिस्टर) करत त्या धावत्या बसला कशा गाठतात ते हातवारे करून सांगू लागली. मी वर्गाचं सांगितलं. आईने तर कळस केला. तिला ताप होता तेव्हा गेटपर्यंतचा फेरा नको म्हणून सिस्टर भिंत चढून आल्या होत्या, हे तिने मराठीत रंगवून सांगितलं आणि मी इमानेइतबारे त्याचं इंग्रजी केलं.

मदरनी आमचे हात हातात घेतले. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात हे फार बरं झालं. त्या वसतिगृहात मुली आहेत, पण त्यांना सांभाळायला कुणी टिकत नाही. सिस्टरना पाठवायचं ठरवलं खरं, पण वय पाहून माझं मन कचरत होतं. आज ते रद्दच करणार होते. आता माझी काळजी मिटली."

हे आईला मराठीत सांगताना माझी जीभ उचलेना.

सिस्टरांना कळलं तेव्हा त्या भिंतीला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे तुम्हीच पक्की करून आलासा व्हय! बरं केलासा. मला एकच भ्या होतं, आक्का. विश्रांती घे म्हणतील, खुर्चीत बसवतील. ते काय मला झेपलं नसतं."

"आणि माझं काय?" आई म्हणाली.

सिस्टर हसायच्या थांबल्या. बादलीवरून उतरल्या, रस्त्याने फेरा घालून आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. दोघी अंधार पडेपर्यंत गवार मोडत होत्या.

त्या गेल्या. पुढचे काही दिवस चार वाजले की आई उगाच कपडे वाळत घालायला अंगणात जाई आणि सुकलेलेच कपडे घेऊन परत येई. मला तिच्याकडे बघवत नसे. सिस्टरांचा फोन आला तो दोन रविवारांनंतर. मी स्पीकरवर लावला. मुली गुणी आहेत, ऊन फार आहे, भागाकार कुणालाच येत नाही, असं एका दमात सांगून झालं. मग त्या थांबल्या. त्यांचं थांबणं मला नवीन होतं.

"आक्का, हितं सगळी माणसं चांगली हाईत. पण दिवसभर कन्नडच बोलायचं. मराठीचा शब्द कानावर नाही. घरचं कुणी राहिलं नाही की मला. तुम्ही बोला. काय पण बोला. मी ऐकतो."

आईने डोळे पुसले, पदर खोचला आणि फोन जवळ ओढून घेतला. "आज ना," ती म्हणाली, "भरली वांगी केली होती. सुनेने मीठच घातलं नाही." मी हळूच उठलो आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.