झिंग्याचं पाणी

घरात चार माणसं असली की किस्से जमतात, असं मला वाटायचं. एक माणूस आणि एक झिंगा असला तरी जमतात, हे गेल्या दीड वर्षात कळलं.

पुसदच्या आमच्या घरात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे. हौस यांची. हे गेले, मग मासेही एकेक करून गेले. राहिला बोटाएवढा झिंगा. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं, म्हणून तो जगवायचा असं मी ठरवलं.

टाकीतलं पाणी आटतं पण मीठ आतच राहतं, म्हणून वरून कॅनचं शुद्ध पाणी घालावं लागतं. कॅनवाले नामदेवभाऊ एकदा म्हणाले, "वहिनी, एकल्या राहता, अन् पाणी लय लागून राह्यलं. पाहुणे आले काय?"

"पाहुणे नाही हो, झिंगा आहे."

दुसऱ्या दिवसापासून फाटकातून हाक, "वहिनी, झिंग्याचं पाणी आलं!" गल्लीतल्या दोघींनी मला झिंग्याचा भाव विचारला.

शेजारच्या वच्छलाबाईंनी तर त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच सांगून टाकलं, "एवढ्याशाची भाजी तं होत नाही. कायले ठेवता?"

एकदा मी दोन दिवस बहिणीकडे वणीला गेले. वच्छलाबाईंना बजावलं, पाणी आटलं की कॅनमधलं साधं पाणी ओता, दुसरं काही नको. आल्यावर पाहते तर टाकीशेजारी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा.

"मीठ टाकलं?"

"अळणी कसं राहीन ते लेकरू? चवीपुरतंच टाकलं वो."

मग एका सकाळी झिंगा तळाशी आडवा दिसला. हलेना. मी बाहेर काढला तर आत काहीच नाही, नुसतं कवच. मी तिथेच बसून रडले. दुपारी वच्छलाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. आम्ही दोघी जेवत असताना दगडामागून मिशा बाहेर आल्या, मागोमाग झिंगाही, अगदी नवाकोरा.

"कात टाकली त्यानं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता डबा वापस नेऊ काय?"

मे महिन्यात दिवसभर लाइट गेली. पंप बंद पडला की पाण्यातली हवा संपते, म्हणून मगाने पाणी उचलून वरून सोडत राहावं लागतं. माझा हात भरून आला. वच्छलाबाई स्वतःचा मग घेऊन आल्या. पाळी-पाळीने पाणी सोडत आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. सुनेचं सांगून झालं, गुडघ्यांचं झालं, यांच्याबद्दलही बोलणं झालं. लाइट आली तशा त्या उठून गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांना फोन केला. "वच्छलाबाई, लाइट गेली."

त्या आपला मग हातात घेऊन आल्या. दारात थांबून त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"हाव, गेलीच हाय," म्हणाल्या, आणि स्टूल ओढून पाणी सोडायला बसल्या.