दुसऱ्या गाठीवरचा नंदी

माझ्या सहधर्मचारिणीच्या वडिलांचा बेळगावच्या कॅम्पात फोटो स्टुडिओ होता. सैनिकांची कुटुंबे सणासुदीला तेथे येऊन छायाचित्रे काढून घेत. विवाहानंतर तिच्याबरोबर आमच्या घरी त्यांचा एक रोलचा कॅमेरा आला. मी आयुष्यभर पाठशाळेत व्याकरण शिकवले. त्या यंत्राशी माझा संबंध एवढाच, की निवृत्तीनंतर तिच्या रविवारच्या भटकंतीत पिशवी आणि छत्री मी सांभाळत असे. सकाळची पूजा आटोपून खानापूरची बस धरायची, एखादे शिवालय गाठायचे. ऊन मनाजोगे होईपर्यंत ती थांबे आणि मी जप करी.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांपुढे मध्यभागी अंधार साचू लागला. कडेचे दिसे, समोरचे दिसेना. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. उरली आहे तेवढी दृष्टी टिकवणेच आता हाती आहे, असे सांगितले. फोकस जुळवणे तिला अशक्य झाले, तेव्हा तिने एक युक्ती काढली. माझे उपरणे मागून घेतले आणि शिवणकामाच्या टेपने मापून दर मीटरावर एकेक गाठ मारली. एक टोक कॅमेऱ्यापाशी तिच्या हाती असे. मी उपरणे ताणून मूर्तीला टेकवी आणि कितवी गाठ आली ते सांगे. त्या अंतरावर भिंगाचे कडे ती बोटांच्या सवयीने फिरवी.

"पूजेतलं वस्त्र हे," मी एकदा कुरकुरलो. "दर रविवारी असं धुळीत..."

"अहो, देवाचंच माप घेतोय ना? ताणून धरा. सैल पडलं तर नंदी पुसट येईल."

माघातल्या एका रविवारी बसमध्ये ती म्हणाली, "हा रोल नीट आला तर पुढचा घालायचा. नाही तर कॅमेरा बंद. आणि कसा आला ते तुम्ही सांगायचं. सून गोड बोलेल. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

खानापूरच्या पुढे, कापणी झालेल्या भातशेतीच्या कडेला ते लहानसे दगडी देऊळ आहे. बाहेर उघड्यावर नंदी. पावसाने त्याचे मुख झिजलेले. तिच्या वडिलांनी काढलेले त्याचे छायाचित्र स्टुडिओत लावलेले असे. तसेच एक तिला काढायचे होते. मी उपरणे नंदीच्या छातीला टेकवले, "दुसरी गाठ" असे सांगितले आणि बाजूला होऊन गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. तिचे काम चालू असताना देवासमोर उभे राहायचे, ही माझी रीत. पाठीमागे कॅमेऱ्याची खटखट ऐकू येत राहिली. मध्येच ती हाक मारी, मी पुन्हा माप देई आणि पुन्हा देवाकडे वळे.

म्हैस घेऊन चाललेला एक शेतकरी बांधावर थांबला.

"आक्का, नंदी हिकडं हाय न्हवं? तुमचा कॅमेरा माझ्या शेताकडं बघाय लागलाय!"

मी मागे वळलो. तिने कॅमेरा खाली घेतला होता.

"शेताचाच काढला, अण्णा. देवाचे लई झाले."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? म्हशीला धुऊन आणलं असतं की!"

ती मोकळेपणाने हसली. परतीच्या बसमध्ये मात्र ती मांडीवरच्या उपरण्याच्या गाठी बोटांनी चाचपत बसली होती.

बेळगावात आता रोल धुणारे कोणी आमच्या माहितीत उरलेले नाही. तो पुण्याला पाठवावा लागतो. छायाचित्रे आली ती दुपारी. पडवीतल्या उजेडात मी एकेक पाहिले. आरंभीच्या काहींत नंदी अर्धा होता, वशिंड आणि शेपटी. पुढे वशिंडाची केवळ कड. त्यानंतर धसकटे. ती मात्र इतकी रेखीव, की दोन काड्यांमधले कोळ्याचे जाळेही दिसत होते. एकात उपरण्याचे टोक धरलेला माझा हात होता, चौकटीच्या कडेशी मनगटावर तुटलेला.

"सांगा," ती म्हणाली.

"धसकटं स्पष्ट आली आहेत. एकेक काडी दिसते."

"नंदी?"

"पहिल्या काहींत अर्धा आहे. पुढे नाही."

"पुरा कुठेच नाही?"

"नाही."

तिने हात पुढे केला. मी गठ्ठा दिला. मान कलती करून तिने एक छायाचित्र डोळ्याच्या कोपऱ्यापाशी नेले, बराच वेळ धरले. मग सगळ्यांच्या कडा जुळवून गठ्ठा मला परत केला.

"म्हणजे माप बरोबर होतं. तुमचं काम चोख झालं."

मी कॅमेरा उचलून देवघराकडे निघालो. माझी पावले कुठे वळली, ते तिला ऐकू आले.

"तिथं नको. उद्यापासून फुलं वाहाल त्याला. कपाटात ठेवा."

कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून उपरणे हाती घेतले आणि गाठी सोडवू लागलो. इतके रविवार ताणून त्या घट्ट बसल्या होत्या. नखांना दाद देईनात. तिने माझ्या हातातून वस्त्र घेतले, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली आणि नुसत्या बोटांनी पहिली गाठ सोडवली. दुसऱ्या गाठीला फार वेळ गेला. मग चुण्या तळहाताने सारख्या करून तिने उपरणे माझ्या खांद्यावर घातले.

"जा," ती म्हणाली. "पूजेला उशीर होतोय."