चौथ्या पिशवीतलं पाणी

सोनोग्राफीत बायकोच्या बीजकोशात चार पिशव्या दिसल्या आणि मी वर्सोव्याला सासूबाईंना फोन करून सांगून टाकलं, "चार अंडी आहेत." टेस्ट-ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाल्यापासून त्यांनी गाबोळी सोडली होती. मासळी विकणाऱ्या बाईने! "लेकीच्या अंड्यांची वाट बघायची आणि माशाची अंडी तळून खायची, हे माझ्याने होणार नाय, जावयबापू."

हा आमचा शेवटचा प्रयत्न होता. बायकोने चाळिशी ओलांडली होती आणि आणखी इंजेक्शनं घ्यायची तिची तयारी नव्हती.

घाटकोपरच्या दवाखान्यात अंडी काढायच्या सकाळी डॉक्टरबाईंनी एक परवानगी मागितली. पिशवीतलं पाणी सुईने ओढायचं, त्यात अंडं शोधायचं आणि उरलेलं पाणी फेकायचं, ही नेहमीची रीत. पण त्या पाण्यात हार्मोनसारखी द्रव्यं असतात, अंड्याच्या वाढीशी त्यांचा संबंध असतो. अभ्यासासाठी ती त्यांना तपासायची होती.

"त्यावरून आमचं अंडं कसं आहे ते कळेल?" मी विचारलं.

"नाही. तेवढं आम्हालाच अजून माहीत नाही."

मला हे उत्तर आवडलं. तोवर जो तो नुसत्या अंदाजालाही टक्केवारी चिकटवून सांगत होता.

"दुसऱ्या कुणाला उपयोग होईल ना? मग ठेवा," बायको म्हणाली. आम्ही सह्या केल्या.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. तीन पिशव्यांत नुसतंच पाणी निघालं. चौथीत अंडं होतं.

बायको शुद्धीवर आल्यावर मी पडेल चेहऱ्याने तिला सांगितलं. ती चक्क हसली. "अरे, मासळीचं पोट फुगलंय म्हणजे आत गाबोळी असतेच असं नाही. कोळणीशी लग्न करून एवढं कळलं नाही तुला?"

"पण मी आईंना चार सांगितलीत."

"एक आहे ना? मग गप बस."

त्या एकाच अंड्याचा गर्भ झाला, रुजला आणि आम्हाला मुलगी झाली. ते पाणी तपासून काय हाती लागलं, मला ठाऊक नाही. लागलं असेल तर आनंदच आहे.

बारशाला सासूबाई तळलेल्या गाबोळीचा डबा घेऊन आल्या. पहिला तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला, तेवढ्यात पाळण्यातून असा टाहो फुटला की शेजारीण दार उघडून बघायला आली.

"ऐका!" सासूबाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, "चौघांचा आवाज हाय एकटीला. भरली तुमची चार, जावयबापू!"